सोर्स खुला, पण सूत्रं कोणाच्या हाती?

गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याला लागलं की पेरमिली आणि ताडगाव मागे टाकत साठेक किलोमीटरवर हेमलकसा येतं. बाबा आमटे यांनी १९७३ साली सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाचं रुग्णालय इथे आहे. भामरागड तालुक्यातल्या माडिया गावांतून आणि सीमेपलीकडच्या छत्तीसगडातूनही इथे रुग्ण येतात. या रुग्णालयाने रुग्णांच्या नोंदी ठेवण्यासाठी जी संगणकप्रणाली घेतली तिचं नाव ‘बहमनी’. चातगावजवळच्या शोधग्राममध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचं रुग्णालय आहे. त्यानेही हीच प्रणाली घेतली. ती मुळात लिहिली गेली बिलासपूरजवळच्या गनियारी इथल्या ‘जन स्वास्थ्य सहयोग’ या संस्थेच्या रुग्णालयासाठी, आणि लिहिणारे होते ‘थॉटवर्क्स’ या सॉफ्टवेअर कंपनीचे प्रोग्रॅमर. त्या परिसरातल्या एका गावाचं नाव प्रणालीला मिळालं.

बहमनी मुक्त-स्रोत आहे. म्हणजे तिचा सोर्स कोड कोणीही पाहावा, वापरावा, बदलावा आणि दुसऱ्याला द्यावा, अशी मुभा तिच्या परवान्यातच लिहिलेली आहे. दुर्गम भागातल्या रुग्णालयाला या मुभेचा थेट उपयोग होतो. परवान्याचं वार्षिक शुल्क भरावं लागत नाही. प्रणाली रुग्णालयाच्या स्वतःच्या खोलीतल्या सर्व्हरवर चालवता येते, त्यामुळे बाहेरची इंटरनेटची लाइन तुटली तरी ओपीडी थांबत नाही. सिकलसेल आणि मलेरियासारख्या आजारांसाठी लागणारे तक्ते आपल्या गरजेप्रमाणे बसवता येतात.

मात्र बहमनी एकसंध नाही. रुग्णाच्या नोंदींसाठी तिच्यात ‘ओपनएमआरएस’ आहे, प्रयोगशाळेसाठी ‘ओपनएलिस’ आणि औषधसाठा व बिलांसाठी ‘ओडू’. यातली ओपनएमआरएस २००४ मध्ये सुरू झाली, केनियातल्या एचआयव्ही रुग्णांच्या उपचारांच्या गरजेतून. ती आजही ना-नफा समूहाच्या हाती आहे. ओडू मात्र बेल्जियममधल्या एका कंपनीचं उत्पादन आहे, आणि त्या कंपनीने २०१५ मध्ये आपल्या परवान्याची रचना बदलली. जंगलातल्या रुग्णालयाच्या औषधखोलीचा धागा असा युरोपातल्या कंपनीच्या निर्णयापर्यंत पोहोचतो. सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं असल्याचं परवाना सांगतो, आणि कंपनीला त्यातून कमाई करायची असते. या दोघांत शेवटी ठरवतं कोण, हा या आढाव्याचा प्रश्न. माझं मत आधीच सांगतो. चांगला परवाना अत्यावश्यक आहे, पण त्याने निम्मंच काम होतं. उरलेलं निम्मं मालकी कोणाकडे आहे आणि देखभाल कोण करतं यावर ठरतं.

परवाना नेमकं काय करतो

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृती मानला जातो. जवळजवळ सगळ्या जगात हीच रीत आहे. लिहिणाऱ्याने काहीच सांगितलं नाही तर सगळे हक्क त्याचेच राहतात आणि इतरांना त्या कोडला हात लावता येत नाही. म्हणून कोड नुसता उघड्यावर ठेवून भागत नाही. तो वापरण्याची परवानगी लेखी द्यावी लागते.

साठ-सत्तरच्या दशकांत प्रयोगशाळांमधले लोक एकमेकांचा कोड सहज घेत-देत असत. सॉफ्टवेअर हा स्वतंत्र धंदा होऊ लागला तशी ही देवघेव आटली. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना जाहीर पत्र लिहून विचारलं की आमचं सॉफ्टवेअर पैसे न देता वाटून घेतलंत, तर ते लिहिणाऱ्याने खायचं काय? प्रश्न खरा होता आणि आजही आहे. त्याला दुसऱ्या टोकाचं उत्तर रिचर्ड स्टॉलमन यांनी दिलं. १९८३ मध्ये त्यांनी ‘जीएनयू’ प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केलं आणि १९८९ मध्ये ‘जीपीएल’ हा परवाना आणला. कॉपीराइटचा कायदा त्यांनी उलट दिशेने वापरला. हा कोड घ्या, बदला, हवं तर विका. पण बदललेला कोड पुढे द्याल तेव्हा तोही याच अटींवर, सोर्ससकट द्या, असं हा परवाना सांगतो.

इथे परवान्यांचे दोन पंथ पडतात. पहिला जीपीएलचा, ज्यात घेतलेलं मुक्तच ठेवण्याची अट असते. दुसरा एमआयटी, बीएसडी आणि अपाची या परवान्यांचा. त्यांत श्रेय द्या आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा, एवढंच बंधन असतं. असा कोड घेऊन कोणी बंदिस्त उत्पादन केलं तरी चालतं. पहिला पंथ कोडच्या पुढच्या पिढ्यांची काळजी घेतो, दुसरा आज घेणाऱ्याच्या सोयीची. कंपन्यांचा ओढा दुसऱ्याकडे का, हे वेगळं सांगायला नको.

जीपीएलची अट न्यायालयात टिकते का, अशी शंका बरीच वर्षं घेतली जात होती. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने ती अट बंधनकारक मानली. त्याच सुमारास ‘लिंकसिस’च्या घरगुती राउटरमध्ये जीपीएलखालचं लिनक्स सापडलं. त्याचा सोर्स मागणाऱ्यांनी चिकाटी सोडली नाही, तेव्हा कंपनीने तो खुला केला. त्यातून ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प जन्मला आणि आज जगभरचे अनेक राउटर त्यावर चालतात. परवान्यातल्या एका अटीचं हे फळ आहे.

भारतात या परवान्यांना संसदेची एक महत्त्वाची साथ मिळाली. पेटंट कायद्याचं कलम ३(के) सांगतं की नुसत्या संगणक-प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही. डिसेंबर २००४ च्या वटहुकमाने हे कुंपण सैल करू पाहिलं होतं, पण २००५ च्या दुरुस्तीत संसदेने ती सवलत गाळली. छोट्या प्रोग्रॅमरला आपल्या देशात मोठ्या कंपनीच्या पेटंटची धास्ती कमी वाटते, याचं श्रेय त्या निर्णयाला आहे.

विरोधापासून खरेदीपर्यंत

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो जीपीएलखाली आणला. १९९८ मध्ये नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा सोर्स खुला करायचं ठरवलं. त्याच वर्षी ‘ओपन सोर्स’ हे नाव रूढ झालं आणि कोणता परवाना मुक्त म्हणायचा हे ठरवणारी ‘ओपन सोर्स इनिशिएटिव्ह’ ही संस्था उभी राहिली. मोठ्या कंपन्यांची पहिली प्रतिक्रिया भीतीची होती. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सची तुलना कर्करोगाशी केली. २०१८ मध्ये त्याच मायक्रोसॉफ्टने जगभरचा मुक्त कोड जिथे साठवला जातो ते ‘गिटहब’ साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतलं. २०१९ मध्ये आयबीएमने ‘रेड हॅट’ या लिनक्स कंपनीसाठी सुमारे ३४ अब्ज डॉलर मोजले.

हे मतपरिवर्तन हिशेबातून झालं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, जगात वापरला जाणारा मुक्त कोड प्रत्येक कंपनीला स्वतः नव्याने लिहावा लागला असता, तर सुमारे ८.८ लाख कोटी डॉलर खर्च आला असता. एवढं भांडवल फुकट हाताशी असताना त्याच्याशी भांडत बसण्यापेक्षा त्यात शिरणं फायद्याचं होतं. आज लिनक्सच्या गाभ्यात भर घालणारे बहुतेक प्रोग्रॅमर कोणत्या ना कोणत्या कंपनीच्या पगारावर आहेत. कंपन्यांनी या चळवळीला बळ दिलं, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. बहमनीचा जन्मही एका कंपनीच्या प्रोग्रॅमरांच्या हातूनच झाला. कंपन्या आल्या यात वावगं काही नाही. त्या आल्यानंतर निर्णयाचा अधिकार कुठे सरकला, हे मात्र तपासलं पाहिजे.

कुंपण घालण्याच्या चार वाटा

गेल्या पंधरा वर्षांतली मोठी प्रकरणं समोर ठेवली तर सामायिक कोडला कुंपण पडण्याच्या चार वाटा दिसतात.

पहिली वाट दोन आवृत्त्यांची. गाभा खुला ठेवायचा आणि उपयोगाची महत्त्वाची कामं पैसे मोजणाऱ्यांच्या बंदिस्त आवृत्तीत न्यायची. ओडूने २०१५ च्या नवव्या आवृत्तीपासून हेच केलं. मुक्त आवृत्तीचा परवाना सौम्य झाला, आणि सविस्तर हिशेबासारख्या सोयी सशुल्क आवृत्तीत गेल्या. यात बेकायदा काहीच नाही, जुना मुक्त कोडही मुक्तच राहतो. पण पुढे नवं काय आणि ते कोणाला द्यायचं, हे एकटी कंपनी ठरवते. बहमनीसारख्या प्रकल्पाला मग मुक्त आवृत्तीत जे उरलं त्यावर भागवावं लागतं, किंवा हवं ते स्वतः लिहावं लागतं.

दुसरी वाट थेट परवाना बदलण्याची. बाहेरच्या प्रोग्रॅमरचा कोड स्वीकारताना अनेक कंपन्या त्याच्याकडून करारावर सही घेतात. त्या कराराने कंपनीला परवाना पुढे हवा तसा बदलण्याची मुभा मिळते. एमआयटी-बीएसडी पंथाचा कोड असेल तर अशा कराराचीही गरज पडत नाही. ‘मोंगोडीबी’ने ऑक्टोबर २०१८ मध्ये, ‘इलॅस्टिकसर्च’ने जानेवारी २०२१ मध्ये, ‘टेराफॉर्म’ बनवणाऱ्या हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये आणि ‘रेडिस’ने मार्च २०२४ मध्ये आपापले परवाने आवळले. कोड वाचता येत होता, पण तो वापरून स्पर्धक सेवा चालवण्यावर बंधनं आली. ‘ओपन सोर्स इनिशिएटिव्ह’च्या व्याख्येत असे परवाने बसत नाहीत.

यातल्या तीन प्रकरणांत विरोधकांनी कोडची जुनी मुक्त प्रत घेऊन वेगळी चूल मांडली. इलॅस्टिकमधून ‘ओपनसर्च’ निघालं, टेराफॉर्ममधून ‘ओपनटोफू’, रेडिसमधून ‘वाल्की’. हा धाक उपयोगी पडला. इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएल या मुक्त परवान्याचा पर्याय पुन्हा दिला. फुटून निघण्याचा हक्क हे मुक्त परवान्याचं सर्वांत मोठं शस्त्र आहे, हे यातून सिद्ध झालं. पण ते चालवलं कोणी तेही पाहा. ओपनसर्च अमेझॉनने उभं केलं, आणि वाल्कीच्या मागे अमेझॉन, गूगल आणि ओरॅकल होत्या. हेमलकशाच्या रुग्णालयाला कागदावर तोच हक्क आहे, तो बजावायला लागणारी माणसं मात्र नाहीत.

तिसरी वाट सेवाकराराची. जीपीएलप्रमाणे ज्याला प्रोग्रॅम दिला त्याला सोर्स द्यावा लागतो, साऱ्या जगाला नाही. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या मुख्य लिनक्स-आवृत्तीचा सोर्स सर्वांसाठी ठेवणं बंद केलं आणि तो ग्राहकांपुरता राखला. ग्राहकाने तो पुढे वाटला तर परवाना त्याच्या बाजूने उभा राहतो, पण कंपनी त्याचा सेवाकरार संपवू शकते. परवान्याचं अक्षर पाळलं गेलं. त्याच्या हेतूचं काय झालं, यावर आजही वाद सुरू आहे.

चौथी वाट आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. अँड्रॉइडचा गाभा अपाची परवान्याखाली खुला आहे. तरीही फोन बनवणाऱ्या कंपनीला गूगलचं प्ले स्टोअर हवं असेल तर वेगळे करार करावे लागत होते. त्यांनुसार गूगलची ॲप्स आधीपासून बसवून द्यायची आणि अँड्रॉइडच्या फुटून निघालेल्या आवृत्त्यांवर फोन बनवायचे नाहीत, अशी बंधनं येत. परवान्याने दिलेली मुभा करारांनी काढून घेतली. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने याबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही आदेश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. आपल्या देशातला या विषयावरचा हा सर्वांत ठळक निकाल आहे. नुसता परवाना वाचून स्वातंत्र्य मोजता येत नाही, हे त्यात अधिकृतपणे नोंदलं गेलं.

कंपन्यांची तक्रार आणि देखभालीचं ओझं

परवाने आवळणाऱ्या कंपन्यांची बाजूही नीट ऐकायला हवी. आम्ही वर्षानुवर्षं खर्च करून सॉफ्टवेअर लिहिलं, मोठ्या क्लाउड कंपन्यांनी ते जसंच्या तसं भाड्याने देऊन नफा कमावला आणि आम्हाला काहीच परत दिलं नाही, असं त्या म्हणतात. यात बरंच तथ्य आहे. जुन्या जीपीएलची अट प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हातात दिल्यावर लागू होते. क्लाउडमध्ये तो हातात दिलाच जात नाही, वापरणाऱ्याला फक्त पडदा दिसतो. ही फट बुजवण्यासाठी २००७ मध्ये एजीपीएलची आजची आवृत्ती आली. नेटवर्कवरून सेवा दिली तरी बदललेला सोर्स द्या, अशी तिची अट आहे. बहमनी याच परवान्याखाली आहे. मोंगोडीबीचाही कोड आधी एजीपीएलखालीच होता. तेवढ्याने समाधान न झाल्यामुळे ती कंपनी मुक्त परवान्यांच्या पलीकडे गेली.

दुसरं ओझं देखभालीचं. २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघड झाली, तेव्हा जगाला कळलं की इंटरनेटवरच्या बहुसंख्य सुरक्षित व्यवहारांचा आधार असलेल्या ओपनएसएसएल प्रकल्पाला वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळत होती. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’मधल्या त्रुटीने जगभरच्या कंपन्या आणि सरकारी यंत्रणा हादरल्या. तो कोड स्वयंसेवक सांभाळत होते. मार्च २०२४ चं ‘एक्सझेड’ प्रकरण त्याहून गंभीर होतं. एकट्याने थकून चाललेल्या देखभालकर्त्याचा विश्वास कोणीतरी सुमारे दोन वर्षं खपून मिळवला, प्रकल्पात शिरकाव केला आणि कोडमध्ये चोरदरवाजा बसवला. तो जगभर पसरण्याआधी एका जागरूक अभियंत्याच्या लक्षात आला.

या तिन्ही प्रसंगांत परवाना निर्दोष होता. कमतरता होती ती कोड वाहणाऱ्या माणसांच्या पोटापाण्याच्या तजविजीची. मुक्त कोडवर अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्या ही तजवीज आपणहून करतील, असं मानायला गेल्या दोन दशकांचा अनुभव फारसा आधार देत नाही.

महाराष्ट्राच्या खात्यात काय जमा

या प्रश्नाला महाराष्ट्रातून मिळालेलं सर्वांत ठोस उत्तर म्हणजे ‘ईआरपीनेक्स्ट’. मुंबईच्या ‘फ्रापे’ कंपनीने ते घडवलं. २००८ मध्ये रुषभ मेहता यांनी सुरू केलेल्या या कंपनीने कारखान्याचा हिशेब, साठा आणि खरेदी-विक्री सांभाळणारी ही प्रणाली जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली दिली. ओडूच्याच बाजारात असूनही वाट वेगळी निवडली. पैसेवाल्यांसाठी बंदिस्त आवृत्ती काढली नाही. कमाई होते ती सर्व्हर चालवून देण्यातून आणि ग्राहकांना मदत करण्यातून. नागपूर किंवा कोल्हापूरचा एखादा सल्लागार तीच प्रणाली घेऊन स्वतःचा व्यवसाय करू शकतो, त्यासाठी फ्रापेची परवानगी लागत नाही. मुक्त परवाना आणि पगार देणारी कंपनी एकत्र नांदू शकतात, याचा हा आपल्या घरचा पुरावा आहे.

पैशाच्या बाजूनेही देशात हालचाल आहे. बंगळुरूच्या ‘झिरोधा’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये जगभरच्या मुक्त प्रकल्पांसाठी दरवर्षी दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. मुक्त सॉफ्टवेअर वापरून मोठ्या झालेल्या कंपनीने ते ऋण मानलं, ही मोठी गोष्ट आहे.

मराठी वाचकाला या परवान्यांचा सर्वांत जवळचा अनुभव अक्षरांत येतो. एकेकाळी प्रत्येक मराठी फॉण्टची स्वतःची सांकेतिक मांडणी असे. एका फॉण्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर नुसती चिन्हांची रांग होऊन दिसायचा. चंद्रपूरच्या डीटीपी ऑपरेटरने जुळवलेलं पुस्तक दहा वर्षांनी त्यालाच उघडता येईना, हे घडत होतं. या कोंडीतून सुटका दोन गोष्टींनी झाली. एक युनिकोड हे सामायिक प्रमाण, आणि दुसरी मुक्त परवान्याचे फॉण्ट. पुण्यात रेड हॅटच्या अभियंत्यांनी सांभाळलेला ‘लोहित देवनागरी’ आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचा ‘मुक्ता’ कोणालाही वापरता येतात आणि बदलताही येतात. लोहितच्या मागे एक कंपनी होती, पण परवाना मुक्त असल्यामुळे तिचे बेत बदलले तरी अक्षरं आपल्याकडेच राहतील.

शिक्षणात आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही दिले आणि ते मुक्त परवान्याखाली ठेवले. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले डॉ. नागार्जुन यांनी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या भारतीय शाखेचं नेतृत्व केलं. पण केरळने शाळांमधून मुक्त सॉफ्टवेअर धोरण म्हणून रुजवलं, तसा निश्चय महाराष्ट्राने केला नाही. आपल्याकडे गावोगाव संगणक शिकवला गेला तो मुख्यतः एका कंपनीच्या प्रणालीवर. संगणक म्हणजे ती प्रणाली, असा समज त्यातून पक्का झाला.

केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं. सरकारी प्रणालींसाठी मुक्त पर्यायाला पसंती द्यावी आणि पुरवठादाराने तो वगळल्यास कारण द्यावं, असं ते सांगतं. मजकूर चांगला आहे. त्याची खरी कसोटी जिल्हा पातळीवरच्या निविदेत लागते.

भाषेचा डेटा, नवं रान

कृत्रिम बुद्धिमत्तेने हा वाद नव्या जागी नेला आहे. २०२१ मध्ये आलेलं ‘गिटहब कोपायलट’ हे कोड सुचवणारं साधन सार्वजनिक कोडवर शिकलं. परवान्यांतल्या श्रेयाच्या अटी त्याने पाळल्या का, यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत खटला दाखल झाला. मेटाने ‘लामा’ हे मॉडेल खुलं म्हणून दिलं, पण महिन्याला ७० कोटींहून अधिक वापरकर्ते असलेल्या कंपनीने वेगळी परवानगी घ्यावी, अशी अट घातली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ओपन सोर्स इनिशिएटिव्ह’ने मुक्त कृत्रिम बुद्धिमत्तेची व्याख्या केली, तीही वादाविना राहिली नाही. मॉडेल कोणत्या डेटावर शिकलं हे दाखवल्याशिवाय त्याला मुक्त म्हणावं का, हा वादाचा गाभा आहे.

आलापल्लीला हा प्रश्न दूरचा नाही. इथे बाजाराच्या दिवशी माडिया, गोंडी, तेलुगू आणि मराठी एकाच रस्त्यावर ऐकू येतात. हिंदी-गोंडी यंत्रानुवादासाठी ‘सीजीनेट स्वरा’ आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया यांनी गोंडी भाषकांच्या मदतीने वाक्यं जमवली. अशा संग्रहाला कोणता परवाना असावा? सगळं बंद ठेवलं तर भाषेची साधनं वाढणार नाहीत. सगळं बिनशर्त खुलं केलं तर म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टींवर उद्या कोणाचंही उत्पादन उभं राहील आणि सांगणाऱ्यांना विचारलंही जाणार नाही. न्यूझीलंडमध्ये ‘ते हिकू मीडिया’ या माओरी संस्थेने आपल्या भाषेच्या ध्वनिमुद्रणांसाठी वेगळा परवाना तयार केला. त्यात डेटाची राखणदारी समाजाकडे राहते आणि वापर समाजाच्या हिताला धरून व्हावा लागतो. ओपन सोर्सच्या काटेकोर व्याख्येत तो बसत नाही. तरीही माडिया-गोंडीसाठी तो विचारात घ्यावा असं मला वाटतं. सामर्थ्यवान कंपनी आणि वीस घरांचं गाव यांना एकाच अटीवर मुभा देणं म्हणजे समान वागणूक नव्हे.

मेंढा-लेखाने शिकवलेलं

सामायिक साधन, परवाना आणि कंपनी हे तिघं गडचिरोलीत सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधी समोरासमोर आले आहेत. इथला बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी बल्लारपूरच्या कागद गिरणीला जात असे, आणि त्याच जंगलात राहणाऱ्याला तो तोडण्यासाठी मिनतवारी करावी लागे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने ग्रामसभा बांधली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये तिला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा झाला. पण तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक पास लागतो, आणि पासचं पुस्तक वनविभागाकडेच राहिलं. ते ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडावा लागला. तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्यासाठी गावात आले. त्यानंतर मेंढ्याने आपला बांबू आपल्या अटींवर विकला.

या प्रकरणात तीन गोष्टी लागल्या. आधी हक्काचा कागद, मग तो वापरण्याचं साधन, आणि दोन्हीच्या मुळाशी आधीच बांधलेली ग्रामसभा. ती बैठका घेत होती, हिशेब ठेवत होती, अभ्यास करत होती. सॉफ्टवेअरलाही याच तीन गोष्टी लागतात. परवाना हा हक्काचा कागद आहे. स्वतःच्या ताब्यातला सर्व्हर, बाहेर काढता येईल असा डेटा आणि कोणत्याही पुरवठादाराकडे जाण्याची मोकळीक हे साधन आहे. आणि कोड वाचू शकणारी, दुरुस्त करू शकणारी, पगारावर असलेली आपल्या भागातली माणसं ही ग्रामसभा आहे. गेल्या पंधरा वर्षांत जिथे जिथे मुक्त कोडला कुंपण पडलं, तिथे पहिली गोष्ट जागेवर होती. दुसरी किंवा तिसरी नव्हती.

म्हणून सार्वजनिक पैशाने सॉफ्टवेअर घेणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने, रुग्णालयाने आणि ग्रामसभेने निविदेआधी काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. या कोडचा परवाना कोणता? कॉपीराइट एकाच कंपनीकडे आहे की अनेकांत किंवा ना-नफा संस्थेकडे विभागलेला आहे? परवाना उद्या बदलला तर आजची प्रत घेऊन आपण पुढे जाऊ शकतो का, आणि ते काम करणारी निदान दोन माणसं जवळपास आहेत का? आपला डेटा सामान्य स्वरूपात बाहेर काढता येतो का? जनतेच्या पैशाने लिहिलेला नवा कोड जीपीएल किंवा एजीपीएलखाली द्यावा, अशी माझी स्पष्ट मागणी आहे. सौम्य परवान्यांनी शेवटी ज्याच्याकडे आधीच साधनं आहेत त्याचंच भलं होतं.

तिसऱ्या गोष्टीची सुरुवात गडचिरोलीतच करता येईल. २०११ मध्ये स्थापन झालेलं गोंडवाना विद्यापीठ इथे आहे आणि त्याला जोडलेली महाविद्यालयं गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. त्यांच्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून कुठल्यातरी काल्पनिक दुकानाची वेबसाइट करायला लावण्याऐवजी बहमनीतली एखादी खरी त्रुटी दुरुस्त करायला द्यावी. ग्रामसभांच्या तेंदू-बांबूच्या हिशेबासाठी ईआरपीनेक्स्टमधला एखादा भाग लिहायला द्यावा, सामूहिक वनहक्काच्या नकाशांसाठी मुक्त ‘क्यूजीआयएस’ शिकवावं. जिल्हा नियोजनातून रस्ते आणि इमारतींसाठी निधी मिळतो, तसाच या देखभालीसाठी दोन-चार पगारांचा निधी मिळावा. एका बंदिस्त प्रणालीच्या वार्षिक नूतनीकरणाचं शुल्क वाचलं तरी त्यातून हे पगार निघू शकतील. अशी वीस-पंचवीस मुलं-मुली अहेरी, आलापल्ली आणि भामरागडमध्ये तयार झाली, तर परवान्याने दिलेला हक्क बजावायला इथली माणसं इथेच असतील. मग कोणतीही कंपनी आपला परवाना आवळो, आपल्या रुग्णालयाने पुढे काय वापरायचं हे आपलं आपण ठरवू शकू.